प्रश्न वाचकांचे : पऱ्यातलं प्लास्टिक, दर्यातलं प्लास्टिक

पावसाळा सरला की किनारपट्टीवरून येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. या अंकात रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेले प्रश्न घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. ज्याला प्रत्यक्ष काम करायचं आहे त्याच्यासाठी उत्तरं लिहिली असल्यामुळे काही ठिकाणी तपशील जास्त वाटेल.

आम्ही वाडीतली मुलं दर ऑगस्टमध्ये किनारा साफ करतो. आठ दिवसांत पुन्हा होता तसाच! मग करायचं कधी? — युवक मंडळ, दापोली तालुका

ऑगस्टमध्ये वारा नैऋत्य-पश्चिमेचा, लाटा किनाऱ्याकडे आणि नद्या दुथडी. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री यांनी खाडीत आणून टाकलेलं आणि समुद्रात आधीपासून तरंगणारं असं दोन्ही त्या दिवसांत पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) येतं. तेव्हा साफसफाई करण्यात चूक काही नाही, पण तुम्ही चालू नळाखाली बादली रिकामी करताय. शिवाय खवळलेल्या समुद्राजवळ मुलं नेणं धोक्याचं.

जास्त उपयोगाचा काळ म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. ही परतीची वाळू कचऱ्यावर बसली की जाळ्यांचे तुकडे आणि पिशव्या हातभर खाली जातात. मग पुढच्या पावसात लाटा वाळू खणतात तेव्हा ते पुन्हा वर. "दरवर्षी नवा कचरा येतो" असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा हा गाडलेला जुनाच असतो. वाळू चढायच्या आधी तो उचलायला हवा.

महिना ठरला की तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती सगळ्यात वर चढते. तिनं वर नेऊन टाकलेल्या कचऱ्यापर्यंत भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचं, पाणी पोचत नाही, म्हणून तो पुढच्या उधाणापर्यंत जागेवर पडून राहतो. तेव्हा तृतीयेपासून अष्टमीपर्यंतचा दिवस धरा, भरती ओसरायला लागली की सुरुवात करा आणि सगळ्यात वरच्या रेषेपासून खाली या. रविवार आहे म्हणून ऐन उधाणाच्या दिवशी जाल, तर निम्मा माल डोळ्यांदेखत पाण्यात जाईल.

उचलताना वाळू जागेवरच झटका. ओली वाळू भरलेलं पोतं दोघांनाही हलत नाही, आणि भंगारवाला वाळू लागलेला माल घेत नाही. खताची किंवा सिमेंटची विणलेली प्लास्टिकची गोणी वापरत असाल तर ती त्याच दिवशी रिकामी व्हायला हवी. उन्हात काही महिने पडली की तिच्या पट्ट्यांचा चुरा होतो आणि आत भरलेला कचरा परत किनाऱ्यावर. साठवायचं असेल तर तागाची पोती बरी. इंजेक्शनच्या सुया आणि काचा पोत्यात नकोत. त्यांना घट्ट झाकणाचा जाड कॅन वेगळा आणि तो धरणारा माणूसही एकच.

बारीक थर्माकोलचे मणी हातानं वेचण्यात दिवस जातो. वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू बादलीभर पाण्यात टाकून ढवळा, मणी तरंगतील, ते चहाच्या गाळणीनं काढा. वाळू कोरडी असेल तर मण्यांहून बारीक भोकांची चाळण चालते. ओली वाळू चाळणीतून उतरत नाही. पावसाळ्यात येणारे काळे डांबरी गोळे म्हणजे समुद्रातलं तेल. ते प्लास्टिकमध्ये मिसळले तर सगळं पोतं फुकट जातं, म्हणून त्यांचा डबा वेगळा. हाताला डांबर लागलं तर आधी खोबरेल चोळा, नंतर साबण.

जेसीबी मात्र नको. त्यानं वाळू दबते आणि ती धरून ठेवणारी मर्यादावेल उपटून निघते. वाहून आलेला पाला, लाकडं, समुद्री शेवाळ हा कचरा नव्हे, तो तिथेच राहू द्या. नोव्हेंबर ते मे या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या वर फावडं किंवा दाताळं चालवायचं नाही. ऑलिव्ह रिडलेचं घरटं हात-दीड हात खोल असतं आणि वरून दिसत नाही.

किनाऱ्यावर परदेशी लेबलांच्या बाटल्या मिळतात. म्हणजे कचरा जहाजांचाच ना? — वाचक, श्रीवर्धन

काही प्रमाणात. जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय करारानं ३१ डिसेंबर १९८८ पासून पूर्ण बंदी आहे, तरी ते होतं. बाटली उचलून तळ बघा. बुडाला देठावरच्या शिंपल्यांचे घोस चिकटलेले असतील तर ती बरेच दिवस भर समुद्रात होती. लेबल शाबूत, रुपयात किंमत आणि बुडाला काहीच नाही, तर ती जवळच्या खाडीतून आली. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलट. त्यामुळे रत्नागिरीच्या पुळणीवर जुलैत मुंबईकडचा माल दिसला तर नवल नाही. परदेशी बाटली नजरेत भरते, गुटख्याची पुडी भरत नाही. एका पोत्यातला माल ओतून मोजून बघा, कोणाचा किती ते आपोआप कळेल.

मसुरीएवढे एकसारखे पांढरे दाणे मिळाले तर गोष्ट वेगळी. तो प्लास्टिक बनवण्याचा कच्चा माल असतो आणि कंटेनर पडल्यावर येतो. २५ मे २०२५ ला केरळजवळ बुडालेल्या एमएससी एल्सा ३ या जहाजातले असे दाणे तिथल्या किनाऱ्यांवर पसरले होते. असं काही दिसलं तर जागा आणि तारखेसह फोटो काढून तहसीलदारांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. नुकसानभरपाईच्या दाव्यात तारखेचा पुरावा लागतो.

गावच्या पऱ्यावर (ओढ्यावर) रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावली. पहिल्याच पुरात पातेरा (वाळका पाला) अडकला, पाणी रस्त्यावर आलं आणि जाळी तुटली. लोक आता नावच काढू देत नाहीत. — ग्रामपंचायत सदस्य, राजापूर तालुका

लोकांचं बरोबर आहे. तुम्ही जाळी नाही, बांध घातला होता. आडवी, तळापर्यंतची जाळी आधी पानं अडवते, पानं पाणी अडवतात, आणि पाण्याचा दाब जाळी तोडतो. तुटली नसती तर मोरी फुटली असती.

पऱ्यावर चालतो तो तरंगता अडसर. तो वरचंच पाणी विंचरतो आणि कचरा अडवण्याऐवजी काठाकडे सरकवतो. जागा निवडताना तीन गोष्टी बघा. प्रवाह सरळ आणि संथ असावा. काठापर्यंत हातगाडी किंवा टेम्पो यायला हवा. आणि भरतीचं पाणी जिथवर चढतं त्याच्या वर जागा हवी, कारण भरतीत प्रवाह उलटा झाला की गोळा झालेलं सगळं उलट दिशेनं निघून जातं. मोरीच्या तोंडाशी तर अजिबात नको.

सामान साधं आहे. ११० मिलिमीटर व्यासाचे पाइप, दोन-दोन मीटरचे तुकडे, दोन्ही टोकांना सोल्युशन लावून पक्की बसवलेली टोपणं. असा पाइप मीटरमागे साधारण ९.५ लिटर पाणी बाजूला सारतो. पाइपचं स्वतःचं वजन वजा जाता आठ किलोच्या आसपास उचल मिळते. खाली लोंबणारी जाळी आणि तिला ताठ ठेवणारी साखळी मिळून मीटरमागे दोन-तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे पाइप अर्ध्याहून जास्त पाण्याबाहेर राहील. तो पाण्याबरोबर टेकला की बाटल्या त्यावरून उड्या मारून जातात. खालची जाळी ट्रॉलरच्या जुन्या जाळ्याची, २० ते २५ मिलिमीटर आसाची (भोकांची) चालेल. ती फक्त ३० सेंटिमीटर खोल. त्याखाली पाणी मोकळं.

हे मोकळं ठेवणं पातेऱ्यासाठी तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं कारण वलगण. पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे मासे तळाकडूनच जातात. त्यांची वाट अडवणारा अडसर गावात कोणी टिकू देणार नाही आणि देऊही नये.

अडसर काटकोनात बांधू नका. प्रवाहाशी ३० ते ४५ अंशांत तिरका ठेवा, म्हणजे तरंगता कचरा घसरत खालच्या टोकाला, काठाच्या कोपऱ्यात जमेल. तिथे दगडांची छोटी खळगी करून ठेवा. वरचं टोक झाडाच्या बुंध्याला किंवा जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला १६ मिलिमीटर दोरानं पक्कं. खालचं टोक मुद्दाम कच्च्या जोडाचं, म्हणजे मध्ये हातभर काथ्याची दोरी. मोठा पूर आला की काथ्या तुटतो, अडसर दारासारखा उघडून वरच्या काठाला लागतो. कचरा त्या दिवशी निसटतो खरा, पण रस्त्यावर पाणी येत नाही आणि पाइप दुसऱ्या दिवशी परत बांधता येतात. दोन्ही टोकं पक्की केली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

सगळ्यात जास्त माल मृगाच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत येतो. उन्हाळाभर काठावर साचलेलं तेव्हा एकदम निघतं. त्या दिवसांत पाऊस उघडला की लगेच लांब बांबूला दाताळं बांधून काठावरून कोपरा रिकामा करा. वाहत्या पाण्यात कोणी उतरायचं नाही. पुढे जुलैत आठवड्यातून एकदा पुरतं. एवढं करायला नेमून दिलेली माणसं नसतील तर अडसर बांधूच नका. न उपसलेला अडसर म्हणजे नुसता एका जागी जमवलेला कचरा.

हा अडसर तरंगणारंच पकडतो हेही लोकांना आधी सांगा. बुचाची बाटली मिळेल, बूच नसलेली बुडून खालून जाईल. म्हणून त्याआधीचं काम मे महिन्यात, कोरड्या पऱ्यात. दोन्ही काठ, मोरीच्या तोंडाशी टाकलेल्या पिशव्या, हॉटेलामागची घळ आणि पडवीला बांधलेलं गेल्या वर्षीचं निळं प्लास्टिक. या शेवटच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा खाल्लेल्या त्या प्लास्टिकला हात लावला की बोटांना पापुद्रे चिकटतात. ते ऑक्टोबरात उतरवून घडी घालून सावलीत ठेवलं तर दोन-तीन वर्षं जातं, आणि समुद्राला मिळत नाही ते वेगळंच.

मोठ्या नदीवर किंवा होड्या जातात अशा खाडीत हे करू नका. तिथे पाटबंधारे खातं आणि बंदर खातं यांना विचारावं लागतं, आणि हे पाइपही टिकणार नाहीत.

आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही. प्लास्टिक न्हाणीच्या चुलीत जाळतो. सासूबाई म्हणतात, "इतकी वर्सा जाळतंव, कोणाक काय झाला?" — गृहिणी, मालवण तालुका

सासूबाईंच्या काळी चुलीत जायचं ते बहुतेक कागद नि करवंट्या. आता जातं त्यात गोळ्यांची पाकिटं, रेक्झिन, वायरीची साल, फ्लेक्सचे तुकडे असतात. हे सगळं पीव्हीसी. ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते, आणि चुलीसारख्या अर्धवट जळणाऱ्या आगीत डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. कचरा जाळण्याच्या नियमबद्ध भट्टीत धूर किमान ८५० अंशांवर दोन सेकंद राहावा लागतो. न्हाणीच्या चुलीतला धूर क्षणात थंड होऊन घरात आणि परड्यात उतरतो. राख माडाच्या आळ्यात घालत असाल तर तीही नको.

गाडी येत नाही ही अडचण खरी आहे. पण प्लास्टिक कुजत नाही, त्यामुळे ते कोरडं असेल तर महिना-दोन महिने घरात राहू शकतं. वास येतो तो त्याला चिकटलेल्या दुधा-तेलाचा. भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात पिशवी विसळा, दोरीवर वाळवा, मग पोत्यात टाका. तीन पोती पुरतात. एकात बाटल्या, डबे, झाकणं. दुसऱ्यात दुधाच्या आणि साध्या पिशव्या. तिसऱ्यात आतून चंदेरी पुड्या, म्हणजे वेफर्स, शाम्पू, बिस्किटं. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा करू नका, चीर द्या. तो तुकडा कधीच कोणाच्या पोत्यात पोचत नाही.

पहिली दोन पोती भंगारवाला नेईल. तिसरं नेणार नाही, कारण त्या पुडीत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर चिकटलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही. त्याची सोय सिमेंटच्या भट्टीत होते, जिथे तापमान १४०० अंशांच्या वर असतं. पण राज्यातल्या त्या भट्ट्या चंद्रपूर-यवतमाळकडे. मोकळ्या पुड्यांनी टेम्पो भरतो आणि वजन काहीच होत नाही, म्हणून दाबून गठ्ठे बांधल्याशिवाय वाहतूक परवडत नाही. गठ्ठे बांधायचं यंत्र एका गावाला झेपणारं नाही, तालुक्याला झेपतं. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीच्या प्लास्टिक केंद्राला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. तुमच्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे आणि गावाची पाळी महिन्यातून कधी, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी द्या. तोंडी विचारलेलं इतिवृत्तात येत नाही.

हापूसवर फवारणी झाल्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचं काय करावं? गडी पऱ्यात धुऊन घरी नेतात. — बागायतदार, देवगड

पऱ्यात धुणं आजच्या आज बंद करा. तुडतुड्यांवर मारतात ती सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी औषधं मासे आणि कोळंबीला अत्यंत जहाल असतात. बाटलीच्या तळाशी राहिलेले थेंब डबक्यातले मासे मारायला पुरतात.

बाटली पंपाजवळच धुवायची, तीन वेळा. ती पंपात पालथी धरून धार संपून थेंब सुटेपर्यंत निथळा. पाव बाटली स्वच्छ पाणी घाला, बूच लावा, अर्धा मिनिट हलवा, पाणी पंपाच्याच टाकीत ओता. असं तीनदा. हे पाणी त्याच फवाऱ्यात जातं, औषध वाया जात नाही. उशीर केला तर औषध आत सुकून बसतं आणि मग धुतलं जात नाही. शेवटी तळाला खिळ्यानं दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे कोणी तिच्यात पाणी किंवा तेल भरणार नाही. भोक पाडलेल्या बाटल्या घरच्या प्लास्टिकपासून वेगळ्या, कुलपात, आणि औषध विकणाऱ्या दुकानदाराकडे परत. उत्पादकाची जबाबदारी म्हणून हे वेष्टन परत घेण्याची सोय कंपनीनं करायची असते. दुकानदार नाही म्हणाला तर कंपनीला लिहा, बाटलीवर पत्ता असतो.

जेटीवर जुन्या जाळ्यांचा ढीग पडला आहे. भंगारवाला म्हणतो, मिसळलेला माल नको. वेगळं कसं करायचं? — मच्छीमार सोसायटीचे सभासद, हर्णै

भंगारवाल्याची तक्रार रास्त आहे. तंगूसची (एकेरी धाग्याची) आणि वावरीची (पाण्यात भिंतीसारखी उभी सोडायची) जाळी नायलॉनची, ट्रॉलची बहुतेक पॉलिइथिलीनची, दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा. पॉलिइथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६५ ला, नायलॉन २२० ला. पॉलिइथिलीन आणि नायलॉन एकत्र घातले तर कमी उष्णतेत नायलॉनच्या गाठी यंत्राची चाळण तुंबवतात आणि जास्त उष्णतेत पॉलिइथिलीन खराब होतं. वेगळं केलेल्या नायलॉनला चांगला भाव असतो, मिसळलेल्याला कवडी नाही.

ओळखायला एक बादली पुरते. गोड्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. जाळ्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा पाण्याखाली बोटांनी चांगला चुरगाळा, म्हणजे धाग्यात अडकलेली हवा सुटेल. ही पायरी गाळली की नायलॉनही तरंगतं आणि सगळा हिशेब चुकतो. आता सोडा. वर आला तर पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. या दोघांत निवड करायची तर दुसऱ्या भांड्यात तीन लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवा. त्या खारवणीत नायलॉन तरंगेल, पॉलिस्टर बुडेल.

मग जाळं पसरून शिसं, बोये आणि कडेचा दोर कापून काढा. शिशाचे मणी वेगळे विकले जातात आणि ते जाळ्यात राहिले तर पुढे यंत्राची पाती तुटतात. वाळू, शिंपले, माशांचे काटे झटकून गोड्या पाण्यानं एकदा धुवा, वाळवा, एका जातीचा एक गठ्ठा, त्यावर रंगानं खूण. डांबर लावलेली जाळी बाजूला. ढीग छपराखाली हवा. उन्हात वर्षभर पडलेलं जाळं हातात तुटतं, मग ते ना वापराचं ना भंगाराचं. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत जाळी शिवायला निघतात, तेव्हाच हे काम सोसायटीनं लावून घेतलेलं सोयीचं पडतं.

शिवताना कापलेले बोटभर तुकडे ही यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. शिवणाऱ्याच्या मांडीशी एक डबा ठेवा. वाळूवर पडलेला हिरवा धागा नंतर कोणी वेचत नाही, आणि तो पहिल्या उधाणाला पाण्यात असतो.

हरवलेल्या जाळ्याचं वेगळं. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि कोणी ओढणारं नसलं तरी मासे धरत राहतं. खडपावर जाळं अडकलं की जीपीएसवर जागा नोंदवा आणि बंदरात सांगा, म्हणजे दुसऱ्याचंही तिथे जाणार नाही. आकडा टाकून काढायचं तर भांगाच्या दिवशी, ताण हळूहळू वाढवत. इंजिनच्या जोरावर हिसका दिला तर होडीच कलंडू शकते. मालवणच्या बाजूला पोवळ्यांच्या खडकावर अडकलेलं जाळं वरून ओढायचंच नाही, पाणबुड्यांनी तुकड्यातुकड्यानं कापून काढायचं.

डोलीत (प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यात) भरतीबरोबर येणाऱ्या पिशव्या परत पाण्यात टाकण्याची सवय जुनी आहे, जागा नसते म्हणून. होडीच्या मागल्या कडेला एक जाळीदार पिशवी बांधली की प्रश्न सुटतो, पण बंदरावर ती रिकामी करून घेणारं कोणी हवं. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ मध्ये हेच झालं. होड्यांना पिशव्या दिल्या, बंदरावर तो माल धुऊन-वाळवून बारीक करायची सोय केली आणि चुरा डांबरी रस्त्यांसाठी गेला. नुसत्या पिशव्या वाटल्या असत्या तर त्याही समुद्रातच गेल्या असत्या.

जाळ्यात अडकलेलं कासव मिळालं तर? — अनेक वाचक

पाय धरून ओढू नका. जाळं कापा. तुमच्या जाळ्यात अडकलं असेल तर कापण्याआधी कासवासह जाळ्याचा फोटो घ्या. संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई वन विभागाच्या योजनेतून मिळते आणि फोटोशिवाय अर्ज अडतो. ट्रॉलमध्ये आलेलं कासव हालत नसेल तर ते मेलं असं समजू नका. पोटावर सरळ ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. सावध व्हायला कित्येक तास लागू शकतात. उताणं करून छाती दाबणं हा प्रकार कुठून आला कोण जाणे, पण तो करू नका.

पावसाळ्यात किनाऱ्यावर आलेलं, जुन्या जाळ्यात गुंतलेलं कासव परत पाण्यात ढकलायचं नाही. त्याचा पाय बहुधा सुजलेला असतो, ते पोहू शकणार नाही. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. तोवर खायला काही नाही, टाकीत बुडवणं नाही, भोवती गर्दीही नाही.

माशांच्या पोटात बारीक प्लास्टिक सापडतं म्हणतात. मग मासे खायचे की नाही? — वाचक, अलिबाग

खा. ५ मिलिमीटरपेक्षा लहान असे हे कण माशाच्या मुख्यतः आतड्यात सापडतात, आणि सुरमई, पापलेट, बांगडा आपण पोट साफ करूनच खातो. ज्यांचं पोट आपण काढत नाही त्यांचा विचार करायला हवा. म्हणजे जवळा, बारीक सुकट, शिणाणे, कालवं, तिसऱ्या. शिंपल्यातले जीव तासाला लिटरभर किंवा जास्त पाणी गाळतात, पाण्यात असेल ते त्यांच्यात येतं. तिसऱ्या वाळू सोडण्यासाठी खारट पाण्यात ठेवायची आपली पद्धत इथे कामाची आहे. चार-सहा तास, मधे पाणी बदलून. सगळं निघेल असं नाही, कमी होईल. आरोग्यावर नेमका किती परिणाम होतो याचं मोजमाप शास्त्रज्ञांकडेही अजून पुरं नाही, त्यामुळे घाबरवणाऱ्या बातम्या जरा सबुरीनं वाचा.

सुकटीच्या बाबतीत समुद्राइतकंच बघण्यासारखं आहे ते वाळवायचं आंथरूण. उन्हानं चिरफाळलेल्या ताडपत्रीवर वाळवलेल्या जवळ्यात निळे पापुद्रे डोळ्यांनी दिसतात. सिमेंटचा ओटा किंवा बोंबलांसाठी वलांडी (उंचावर बांधलेल्या वाळवणीच्या दोऱ्या) बरी. आणि कढत सार पातळ पिशवीत बांधून देणाऱ्या खानावळीला घरचा डबा पुढे करा.

आमच्या होम-स्टेत "विघटनशील" लिहिलेल्या पिशव्या आणल्या आहेत. आता चिंता नाही ना? — होम-स्टे चालक, गुहागर

आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचं भारतीय मानक आयएस १७०८८. त्यातली चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कंपोस्टमध्ये होते. परसातला खड्डा इतका तापत नाही, समुद्र तर नाहीच. पुळणीवर उडालेली ती पिशवी कासवाच्या दृष्टीनं साध्या पिशवीसारखीच. तुमच्याकडे मोठं, नीट तापणारं कंपोस्ट असेल तरच तिचा उपयोग, आणि भंगाराच्या पोत्यात ती पडली तर उरलेला माल खराब करते. पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल तर दुकानदाराला परत करा. नुसतं "पर्यावरणपूरक" छापलेल्या काही पिशव्यांत प्लास्टिकचे लवकर तुकडे पडावेत असं रसायन घातलेलं असतं. तुकडे पडतात, प्लास्टिक राहतंच.

साध्या प्लास्टिकच्या पिशवीला केंद्राची किमान १२० मायक्रॉन जाडीची अट ३१ डिसेंबर २०२२ पासून आहे, पण महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं हातात धरायच्या पिशव्यांवरच बंदी आहे. थर्माकोलची ताटं-पेले, प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी. महाराष्ट्रात दंड पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार.

तुमच्या घरी पिशव्यांपेक्षा मोठा आकडा बाटल्यांचा निघेल. चौघांचं कुटुंब, माणशी दिवसाला तीन लिटर, दोन दिवस मुक्काम, झाल्या लिटरच्या चोवीस बाटल्या. त्याऐवजी २० लिटरचे परत जाणारे दोन जार, खाली नळ असलेलं स्टँड आणि खोलीत तांब्या-भांडं. जार दुपारच्या उन्हात ओसरीवर ठेवू नका, आत हिरवं शेवाळ धरतं आणि पाहुणे मग बाटलीच मागतात.